कोयत्याच्या म्यानासाठी कायडेक्स शीट सगळीकडे सारखी कशी तापवावी?

कलमवाला_देवगड

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची आंब्याची बाग आणि छोटी रोपवाटिका आहे. पावसाळ्यात कोय कलमं बांधतो, बाकी वर्षभर बागेचं काम. दीड वर्षापासून फावल्या वेळात म्यानं बनवतोय. कलम चाकूची जमली, छाटणीच्या कात्रीची जमली. कोयत्यावर अडकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कशासाठी ते सांगतो. आमच्याकडचे पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, माडावर चढताना कोयता कमरेच्या आकडीत अडकवतात. झाडावर ती आकडी उत्तमच, तिच्या जागी मला काही आणायचं नाही. प्रश्न रस्त्यावरचा आहे. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना कोयता गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलला बांधतात. दोन वर्षांपूर्वी आमचेच नारळ पाडायला येताना गोणपाट सुटलं आणि मागे बसलेल्या मुलाची पोटरी चिरली. नऊ टाके पडले. त्याला दवाखान्यात मीच नेलं होतं. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

चामड्याचं म्यान आमच्या हवेत टिकत नाही. जून-जुलैत बुरशी धरते आणि चामडं ओलं राहिलं की आत पातं गंजतं. कोयता गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेला, त्यामुळे गंज लगेच धरतो. म्हणून कायडेक्स आणलं, म्हणजे तापवलं की मऊ होऊन आकार घेणारं प्लास्टिक, २ मिमी, काळं, दाणेदार पोताचं.

कोयत्याला पुढे चोच असते. त्यामुळे चाकूसारखा तो म्यानातून सरळ ओढून काढता येत नाही. पाठीची बाजू उघडी ठेवायची आणि पातं आडवं बाहेर काढायचं, असंच म्यान करावं लागतं. मग पातं धरून ठेवण्याचं सगळं काम आकाराचं. एखाद्या जागी आकार अर्धवट बसला की कोयता निसटलाच समजा.

आता अडचण. पहिले प्रयत्न २००० वॅटच्या हीटगनने (गरम हवा फेकणारं यंत्र) केले. ३० बाय २२ सेंटिमीटरचा तुकडा, मधे घडी घालून पात्यावर बसवायचा. सांडशीने धरून हीटगन फिरवत राहिलो, इन्फ्रारेड थर्मामीटरवर सगळीकडे १६५–१७० दिसलं की फोममध्ये दाबलं. निघालं ते असं: चोचीच्या बाजूला लोहाराच्या घणाचे ठोकेसुद्धा उमटलेत, इतका आकार स्वच्छ. मुठीकडे मात्र नुसतीच घडी, पात्याचा आकारच नाही. मधे रुपयाएवढा चकाकता डाग, तिथला दाणा पार गेलाय. आणखी एक गोष्ट कळत नाही. सकाळी जेवढी मिनिटं लागतात तेवढीच संध्याकाळी दिली तर शीट ताठच राहते. हीटगन तीच, अंतर तेच.

मग जुना २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) खळ्याच्या पडवीत मांडला. आता तो पुन्हा स्वयंपाकघरात जायचा नाही. डायल १८० वर, शीट जाळीवर. पाच-सहा मिनिटांत शीट मधोमध खचली, जाळीच्या रेघा उमटल्या, वरच्या रॉडखालची पट्टी चकाकली आणि दाराकडची कड अजून पुठ्ठ्यासारखी.

त्याआधी स्वस्त म्हणून एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची शीट आणली होती. ती तापवली की अंगभर साबुदाण्याएवढे फोड यायचे. ती सोडूनच दिली.

त्यातल्या त्यात बरं झालेलं म्यान आमच्या पाडेल्याला दाखवलं. त्याने कोयता घालून कानाशी हलवून बघितला आणि म्हणाला, "म्यान बरां आसा, पण कोयतो आत खुळखुळता." अडचण नेमकी तीच आहे.

एवढ्या मोठ्या तुकड्याला सगळीकडे एकसारखा ताप कसा द्यायचा? कोणी रोज हे काम करत असेल तर कृपया सांगा.

---

द्राक्षबाग_निफाड

दादा, काम चांगलं धरलंय. मी कायडेक्सच्या वाटेला गेलो नाही, आमच्याकडे पीव्हीसी पाईपचे तुकडे शेताच्या बांधावर पडलेले असतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळेला पंधरा-वीस माणसं बागेत असतात. कात्र्या खिशात घालतात, खिसे फाटतात, कधी मांडीला टोचतं. म्हणून कमरेच्या पट्ट्याला अडकवायची म्यानं मी पाईपची केली. आतापर्यंत चाळीसेक झाली असतील.

९० मिमीचा पाईप उभा चिरला की साधारण २८ सेंटिमीटर रुंद पट्टी निघते. तापवायला मी उकळतं पाणी वापरतो. कपडे उकळायचं जुनं पातेलं आहे, त्यात पट्टी पूर्ण बुडवायची आणि पाच मिनिटं विसरायची. पाणी १०० च्या वर जातच नाही, त्यामुळे काहीही झालं तरी पाईप करपत नाही, आणि चारी बाजूंनी पाणीच असल्यामुळे कडा आणि मध्य सारखेच मऊ होतात. पट्टी दोन फळ्यांमध्ये दाबली की सपाट शीट तयार. पाईपलाईन करताना टोक जाळावर धरून सॉकेट काढायचो, तेव्हा एक बाजू काळी आणि एक बाजू कडक असं नेहमी व्हायचं. पाण्याने तो प्रकार थांबला.

कात्रीसारख्या मोठ्या गोल आकाराला एवढा ताप पुरतो. बारीक खाचा-कंगोरे मात्र उमटत नाहीत, त्याला शंभराच्या वरचा ताप पाहिजे. त्यासाठी मी कढईत वाळू तापवून तिच्यात पट्टी पुरून बघितली. कधी जमते, कधी फसते.

एक सांगून ठेवतो. पाईपचं म्यान एप्रिलच्या उन्हात ट्रॅक्टरच्या बोनेटवर राहिलं तर वाकतं. माझं एक पार चपटं झालं, कात्री आत जाईना. तुमचं म्यान मोटरसायकलवर राहणार, सायलेन्सरपासून लांब बांधायला सांगा.

---

कलमवाला_देवगड

भाऊ, पाण्याची युक्ती आवडली. कलम चाकूच्या म्यानांना पाईप वापरून बघतोच. कायडेक्स मात्र उकळत्या पाण्यात टाकून बघितलं, ते थोडंसं वाकतं, आकार घेत नाही. त्याला १५०–१६० च्या पुढेच न्यावं लागतं.

---

वायरमन_चिपळूण

सकाळ-संध्याकाळचं कोडं मी सोडवतो, बाकीचं जाणकार सांगतील.

संध्याकाळी सात ते दहा तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं ते मल्टिमीटर लावून बघा. गावाच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर १९० दिसलं तरी मला नवल वाटणार नाही. हीटरचा ताप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० चं १९० झालं म्हणजे सतराएक टक्के कमी झालं असं वाटतं, पण ताप उरतो ६८ टक्के. २००० वॅटची तुमची हीटगन तेव्हा १३६५ वॅटचीच असते. वर तिचा पंखाही मंदावतो, वारा कमी येतो. सकाळची मिनिटं संध्याकाळी कशी चालतील?

पडवीत काम करता म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड असणारच. १ चौरस मिमीची २० मीटर वायर असेल तर या लोडला तिच्यातच सहाएक व्होल्ट जातात. वायर गुंडाळी करून ठेवली असेल तर आधी सोडवा, ती आतल्या आत तापते. शक्य असेल तर १५ अँपिअरच्या पॉइंटवरून २.५ ची वायर ओढून कायमचा बोर्ड बसवा, अर्थिंगसह. ओटीजीला थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं तरी तो उशिरा का होईना ठरलेल्या तापाला पोचतो. हीटगनला तशी सोय बहुधा नसते. म्हणून मोठी शीट ओटीजीतच करा असं माझं मत.

---

ऑर्थो_पुणे

देवगडकर, तुमचा प्रश्न वाचून थांबले, कारण गेली सव्वीस वर्षं मी हेच काम करते, फक्त कोयत्याऐवजी पायासाठी. पोलिओ, पक्षाघात, सेरेब्रल पाल्सीच्या पेशंटना पावलाला आधार देणारे प्लास्टिकचे स्प्लिंट लागतात. पॉलिप्रॉपिलीनची ४–५ मिमीची शीट ओव्हनमध्ये तापवायची, पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर टाकायची आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. जयपूर फूटवाले गुडघ्याखालच्या कृत्रिम पायासाठी चक्क एचडीपीई प्लास्टिकचा पाईप ओव्हनमध्ये तापवून साच्यावर ओढतात, तेव्हा निफाडच्या दादांचा पाईपही आमच्या घरातलाच.

तुमची मूळ चूक मला थर्मामीटरच्या आकड्यात दिसते. इन्फ्रारेड थर्मामीटर शीटची फक्त कातडी वाचतो. जाड थालीपीठ मोठ्या आचेवर टाकलं की वरून करपतं आणि आत पीठ कच्चं राहतं, तसंच इथे होतं. प्लास्टिक उष्णता फार सावकाश आत नेतं, ॲल्युमिनियमच्या मानाने साधारण हजार पटींनी सावकाश. हीटगनच्या तोंडाशी हवा पाच-सहाशे अंशांची असते. वरची कातडी झटकन १७० ला पोचते, पोट तेव्हा बरंच मागे असतं. तुम्ही हीटगन पुढे सरकवता, की कातडीचा ताप थोडा पोटात जातो, थोडा हवेत जातो आणि तो भाग पुन्हा ताठतो. तीस सेंटिमीटरच्या तुकड्याचं दुसरं टोक तापेपर्यंत पहिलं गार झालेलं असतं. म्हणजे हातात येते ती खरं तर चार-पाच वेगवेगळ्या तापांची शीट.

जाडी दुप्पट झाली की पोटापर्यंत ताप पोचायला वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. आणि शीट एकाच बाजूने तापवणं म्हणजे जाडी दुप्पट करण्यासारखंच. तेव्हा पहिली गोष्ट, दोन्ही बाजूंनी तापवा. दुसरी, हवं त्याहून जरासाच जास्त ताप ठेवा आणि वेळ द्या. मी तुमच्या जागी असते तर ओटीजी आत १६५ च्या आसपास धरला असता आणि शीट त्यात आठ-दहा मिनिटं निवांत मुरू दिली असती. दोनशेच्या घाईत पाच मिनिटं वाचतात आणि पोत जातो.

असमान ताप नुसता दिसायला वाईट असतो असंही नाही. दाबताना गरम भाग ताणला जातो, गार भाग ताणला जात नाही. सगळी ओढ त्या एका मऊ जागेवर येते आणि ती जागा पातळ होते. तुमचा तो रुपयाएवढा चकाकता डाग कॅलिपरने मोजा, २ मिमी भरणार नाही. असा डाग चोचीच्या टोकावर आला तर कोयता एक दिवस तिथून बाहेर येईल, आणि तुम्हाला तर नेमकं तेच टाळायचंय. मी नवीन असताना एका सहा वर्षांच्या मुलाच्या स्प्लिंटमध्ये घोट्यापाशी शीटचा एक गार बेटासारखा तुकडा तसाच राहिला होता. मला तो दिसला होता, पण पेशंट बाहेर थांबलेत म्हणून मी शीट साच्यावर टाकली. तिसऱ्या आठवड्यात स्प्लिंट बरोब्बर त्या बेटाच्या कडेवर तडकला. मुलगा पडला नाही, आई वेळेवर घेऊन आली. त्या दिवसापासून मी ओव्हनच्या काचेसमोरून हलत नाही.

आता ते बेट दिसतं कसं, ते तुमच्या फार उपयोगाचं आहे. रंग न घातलेलं पॉलिप्रॉपिलीन थंड असताना दुधी असतं. पूर्ण वितळलं की ते काचेसारखं पारदर्शक होतं. ओव्हनमध्ये शीट बघत बसलं की आधी कडेने काच होत येते, मधे दुधी ढग उरतो, तो आकसत जातो, आणि शेवटी शीटखालची जाळी लख्ख दिसायला लागते. कायडेक्स काळं, त्यात हे दिसायचं नाही. म्हणून एकदा २–३ मिमीच्या दुधी पॉलिप्रॉपिलीनचा ओटीजीच्या मापाचा तुकडा आणा, बटर पेपरवर ठेवा, डायल १९० च्या आसपास करा आणि काचेतून बघा. जिथे आधी काच होईल तो तुमच्या ओटीजीचा गरम कोपरा, जिथे ढग शेवटपर्यंत राहील ती गार जागा. फोटो काढून ठेवा. प्रत्येक ओटीजीचा हा नकाशा वेगळा निघतो. तुमच्या वर्णनावरून दाराकडची बाजू गार निघेल असं वाटतं.

नकाशा कळला की मांडणी बदला. ओटीजीचे रॉड लाल झाले की नुसती हवा तापत नाही, त्यांची झळ समोरच्या वस्तूवर थेट पडते, आणि काळी शीट ती झळ पिऊन घेते. वरच्या रॉडखालची पट्टी त्यामुळेच चकाकली. वरच्या खाचेत ॲल्युमिनियमचा ट्रे सरकवा, तो झळ अंगावर घेईल. खाली जाळीवर ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची सपाट प्लेट ठेवा, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून, म्हणजे हवा खेळती राहील. प्लेटवर टेफ्लॉनचं कापड किंवा बटर पेपर, त्यावर शीट. जाळीच्या रेघा आपोआप गेल्या. प्लेटसकट ओटीजी निदान अर्धा तास तापू द्या. एवढा जाड धातू एकदा तापला की रॉड चालू-बंद होण्याचे हेलकावे शीटपर्यंत पोचत नाहीत. शीट अर्ध्या वेळेला एकदाच उलटा आणि उलटताना दाराकडची बाजू आत करा. दार सारखं उघडून बघू नका, प्रत्येक वेळी आतली हवा जाते आणि कोपरे पुन्हा गार होतात. डायलच्या आकड्यावरही विसंबू नका, तारेचा थर्मोकपल (टोकाशी ताप मोजणारी तार) दारातून आत घालून प्लेटवर टेकवा. इन्फ्रारेड काचेतून वापराल तर तो काचेचाच ताप सांगेल, आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखलात तर खरा ताप दाखवणार नाही. काळ्या शीटवर मात्र तो विश्वासाचा आहे.

शीट तयार झाली हे ओळखायला आकड्यापेक्षा तुकडा बरा. त्याच शीटची दोन बोटं रुंद पट्टी कापून तिच्या शेजारी, गार कोपऱ्याकडे ठेवा. आधी ती पट्टी काढा आणि जाड हातमोज्यात धरून घट्ट दुमडा. घडीवर फिकट पांढुरकी रेघ उमटली तर पोट अजून कच्चं आहे, आणखी दोन मिनिटं. ओल्या चामड्यासारखी निमूट दुमडली आणि रंग बदलला नाही तर मोठी शीट काढा.

इथून पुढे तुमच्याकडे पंधरा-वीस सेकंद आहेत, आणि इथेच बरेच जण मार खातात. पंखा बंद. पडवीत वारा येत असेल तर त्या बाजूला चादर लावा. कोयत्याचं पातं जाड लोखंडाचं, ते गार असेल तर शीट टेकताक्षणी तिचा ताप ओढून घेतं आणि आकार बसायच्या आतच ती ताठते. मला वाटतं मुठीकडचा भाग तुमच्याकडे नेहमी फसतो याला हेही एक कारण आहे, कारण तिथे पातं सगळ्यात जाड असतं. आमच्याकडे साचा ओला नि गार असला की हेच होतं. पातं आधी हाताला कोमट लागेल इतकं तापवा, चाळीस-पन्नास अंश. एवढ्याने धारेचं पाणी उतरत नाही. फोमही ओटीजीजवळ ठेवून कोमट करा. सगळं हाताशी मांडून, थंड शीट घेऊन दोनदा रंगीत तालीम करा.

दाबल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. लवकर काढायला म्हणून पाण्यात बुडवू नका, एक बाजू आधी आकसली की म्यान पिळवटतं. ओट्याच्या थंड दगडावरही ठेवू नका, तेच होतं. आणि शीट कापताना दोन्हीकडून सेंटिमीटरभर जास्त घ्या, पहिल्यांदा तापली की ती कारखान्यात ओढली गेलेल्या दिशेने थोडी आकसते. फसलं तर फेकू नका. कायडेक्स पुन्हा सारखं तापवलं की बरंचसं सपाट होतं, दोन-तीनदा वापरता येतं. चकाकलेला दाणा तेवढा परत येत नाही.

हीटगन टाकून देऊ नका, पण तिला शेवटचं काम द्या. एखादी कड जरा आत घ्यायची, कमरेच्या पट्ट्यात अडकवायची पट्टी वाकवायची, एवढंच. कमी तापावर, वीतभर लांबून, हात हलता ठेवून.

एबीएसचे फोड म्हणजे पाणी. एबीएस हवेतला ओलावा पितं, आणि तुमच्याकडे तर जूनमध्ये भिंतीही पितात. तापवलं की त्या ओलाव्याची वाफ होते आणि फोड येतात. तापवायच्या आधी ८० अंशांवर दोन-तीन तास ओटीजीत सुकवा, मग चालेल. कायडेक्सला फोड आले तर मात्र ते जास्त तापल्याचे. कायडेक्समध्ये ॲक्रिलिकबरोबर पीव्हीसी असतं. ते करपलं की नाकाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तसा वास आला तर ओटीजी बंद करून बाहेर या, शीट वाचवायला जाऊ नका. ओटीजी कायमचा वेगळा काढलात हे फार चांगलं केलंत, त्यात पुन्हा काही खायचं करू नका. निफाडच्या दादांनाही हेच, ती कढई वेगळी ठेवा. आणि दादा, वाळू फसते कारण ती तळाला जाळ आणि वर कोमट असते. भडभुंजा बघा, चणे भाजताना झारा एक क्षण थांबवत नाही. पट्टी पुरायच्या आधी वाळू सतत हलवून सगळी एका तापाला आणा आणि जाळ बंद करूनच पुरा.

---

द्राक्षबाग_निफाड

ताई, वाळूचं आता कळलं. मी जाळ चालू ठेवूनच पुरत होतो, म्हणून खालची बाजू तपकिरी व्हायची.

---

कलमवाला_देवगड

तीन आठवड्यांनी लिहितोय, मधे कलमांची घाई होती. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ताईंचे.

वायरमन दादा, संध्याकाळी आठ वाजता बोर्डावर १८६ व्होल्ट, सकाळी सात वाजता २२७. आता शीटचं काम सकाळीच करतो. नवीन वायर ओढून घेतली.

ताई, दुधी पॉलिप्रॉपिलीनचा प्रयोग केला. मुलगी आणि मी काचेसमोर स्टूल टाकून बसलो. वरच्या रॉडखाली एक पट्टी आधी काच झाली, मग उजवा मागचा कोपरा, आणि दाराकडे डावीकडे तळहाताएवढा ढग राहिला. तो जाईपर्यंत उजवा कोपरा वितळून लोंबायला लागला होता. मुलीने बाहेर कागदावर त्याचा नकाशा काढला, तो ओटीजीच्या डोक्यावर चिकटवलाय. वर ट्रे, खाली ३ मिमीची प्लेट अशी मांडणी करून तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी ढग मधोमध राहिला आणि सगळीकडून सारखा आकसत गेला. तेव्हा जीव भांड्यात पडला.

डागाची जाडी मोजली. १.४ मिमी. त्या म्यानाला मी वापरायला चांगलं समजत होतो. ते कापून टाकलं.

कोयत्याचं म्यान तिसऱ्या खेपेला बसलं. पहिल्या खेपेला पट्टीच्या घडीवर रेघ आली तरी मी घाई केली. दुसऱ्या खेपेला पातं तापवायला विसरलो, मुठीकडे पुन्हा नुसती घडी. तिसऱ्याला पातं उन्हात ठेवलं होतं, थर्मोकपल १६४ वर, साडेनऊ मिनिटं, मधे एकदा उलटवली. दोन प्लायवूडच्या फळ्या, आत २० मिमीचा फोम, चार सी-क्लॅम्प. काढल्यावर मुठीपासून चोचीपर्यंत घणाचे ठोके दोन्ही बाजूंना उमटलेले, दाणा सगळीकडे तसाच. पाठीच्या कडेला पातं आत जाताना "टक्" असा आवाज येतो. चोचीच्या खाली पाणी निथळायला ५ मिमीचं भोक पाडलंय.

पाडेल्याला दिलं. त्याने कोयता घातला, म्यान उलटं धरून झिंजाडलं, कानाशी नेलं. "आता गप बसता," म्हणाला. मग अंगठ्याने पाठीकडून दाबून काढून दाखवायला सांगितलं, दोनदा स्वतः करून बघितलं आणि मोटरसायकलला बांधून घेऊन गेला. सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला.

त्याच्या भावाचा कोयता उद्या येतोय, तो डावखुरा आहे. त्याच्या पट्ट्याची पट्टी दुसऱ्या बाजूला घ्यावी लागेल. पट्टी साच्यातच वाकवावी की नंतर हीटगनने, ताई? नंतर वाकवताना शेजारचा बसलेला आकार सैल पडेल अशी भीती वाटते.

---

ऑर्थो_पुणे

साडेनऊ मिनिटं आणि १६४, वहीत लिहून ठेवा. पट्टी नंतरच वाकवा. म्यानात कोयता घालून ठेवा, म्हणजे आतला आकार जागचा हलणार नाही. वाकवायची रेघ सोडून बाकीच्या म्यानावर ओलं जाड फडकं चारपदरी गुंडाळा. पट्टीला दोन्ही बाजूंनी आलटून पालटून ताप द्या आणि लाकडी फळीच्या कडेवर वाकवून पाच मिनिटं धरा. वाकवल्यावर कोयता लगेच बाहेर काढून पुसा, ओल्या फडक्याचं पाणी आत जातं. मुलीच्या नकाशाचा फोटो इथे टाकाल का? आमच्याकडे नवीन आलेल्या दोघांना दाखवायचाय.